चौदा भाज्या आणि एक धामण

मी शेतकऱ्याच्या घरी जन्मलो, पण त्याचा शेतीला काही त्रास झाला नाही. कारण मी वेळेवर नोकरीला लागलो. ब्राह्मणपुरीची जमीन माझा मोठा भाऊ करतो आणि मी शहाद्याला एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बावीस वर्षं झाली, मी 'बीजांकुरण' फळ्यावर आकृती काढून शिकवतोय. मूळ खाली जातं, कोंब वर येतो, घंटा होते. माझं फळ्यावरचं बी आजवर एकदाही वाया गेलेलं नाही!

या बावीस वर्षांत आम्हाला भाजी फारशी विकत आणावी लागली नाही. दादा बाजाराला आला की गावाहून वानोळा येतो. शेतात जे पहिलं निघेल ते आपल्या माणसांना चाखायला पाठवायचं, तो वानोळा. कधी वांगी, कधी हिरवी मिरची, कधी दादर ज्वारीचा हुरडा. वानोळ्याची पिशवी रिकामी परत करायची नसते, म्हणून माझी बायको मंगल तीत बिस्किटाचे पुडे घालून पाठवते. म्हणजे बावीस वर्षं मी दादाची वांगी खातोय आणि दादा माझी बिस्किटं खातोय. हे मला फार बोचत होतं असं नाही. पण गेल्या वर्षी कानबाईच्या रोटाला ते बोचवण्यात आलं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, ही खानदेशची देवी, बसते आणि तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या पंगतीला, झाडून सगळी भावकी गावी जेवायला असते. पुरणपोळी, खीर, आणि वहिनींच्या हातची गंगाफळाची भाजी. (गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. पण आमच्याकडे त्याला भोपळा म्हटलं की लोक तुमच्याकडे परगावचा पाहुणा म्हणून बघतात.) मी ती भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, तेवढ्यात शेजारच्या पाटावरचे चुलतकाका म्हणाले, “खा मास्तर, खा! तुम्हनं बरं शे. पेरे कोन, खाये कोन!”

पंगत हसली. दादाही हसला. मला काय झालं कोण जाणे, मी हातातला घास खाली ठेवून म्हणालो, “काका, पुढला वरीसले रोटनी भाजी मन्हा बागनी!”

खीर वाढणाऱ्या मंगलचा हात जागच्या जागी थांबला. कारण आमच्याकडे बाग नव्हती. घरामागे बारा फूट बाय वीस फूट जागा होती. तीत कपडे वाळत घालायची दोरी, एक मेलेला कूलर आणि बांधकामातून उरलेला मुरूम एवढी संपत्ती होती. पण पन्नास माणसांपुढे, तेही कानबाईसमोर, शब्द गेला होता.

दिवाळीपर्यंत तो शब्द मी विसरलो. दादा विसरला नव्हता.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत अशी धडधड झाली की भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्या वाजायला लागल्या. बाहेर येऊन पाहतो तर दादा ट्रॅक्टरवर! मागे ट्रॉली आणि ट्रॉलीत शिगोशीग शेणखत.

“चाल मास्तर,” तो वरूनच ओरडला, “वावर कोठे शे? नांगर दुसरा ट्रॅक्टरवर येई ऱ्हायना!”

मी त्याला घरामागे नेलं. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग टाचा उंच करून कुंपणापलीकडे पाहिलं.

“हाई ते ठीक शे. पन वावर?”

“हेच,” मी म्हणालो.

दादानं जागा पावलांनी मोजली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मास्तर, आठे, या जागामा, बैल उभा करा ते त्यानी शेपटी शेजारीना घरमा जाई!”

(यात त्याचा दोष नाही. एकराला किती ट्रॉल्या खत लागतं हे त्याला झोपेतही सांगता येतं. एकराचा एकशे ऐंशीवा भाग कसा दिसतो हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.)

नांगराचा ट्रॅक्टर फोन करून अर्ध्या वाटेतून परत पाठवला. पण खत परत न्यायला दादा काही तयार होईना. “घरथून निंघेल खत कोनी परत लई जास का?” असं म्हणून त्यानं ट्रॉली मागे घ्यायला सुरुवात केली आणि आमच्या फाटकाचा उजवा खांब आडवा केला. “दार मोठं व्हई गयं,” तो समाधानानं म्हणाला. मग ट्रॉली उचलली गेली आणि सगळं खत गल्लीत ओतलं गेलं. समोरचे जगनआप्पा, एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, स्कूटर घेऊन देवळात निघाले होते. ते खताच्या पलीकडे अडकले आणि त्यांनी तिथूनच देवाला हात जोडले.

दोन दिवस मी आणि मंगल घमेल्यांनी खत वाहत होतो. जागेवर फूटभर थर दिला तरी ढीग संपेना. उरलेला डोंगर न्हाणीघराच्या मागे, जिथे मोरीचं पाणी जातं, तिथे रचला. तो खिडकीला टेकला. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ लवकर आटपायला लागली.

आता प्रश्न राहिला एकच: लावायचं काय?

प्रश्न म्हटला की मला हुरूप येतो. लहानपणी मी घड्याळ चालतं कसं हे पाहायला ते उघडलं होतं, आणि मग ते चाललं नाही. ती खोड अजून गेलेली नाही. मी दोनशे पानी वही आणली, वर 'भाजीपाला : निरीक्षणे व निर्णय' असं लिहिलं आणि गल्लीत निघालो.

शेजारच्या लताकाकू म्हणाल्या, “सर, भेंडी लावा. भेंडीसारखी गुणी भाजी नाही. आणि गवार. आमच्या ह्यांना गवार फार आवडते.”

जगनआप्पांनी खताचा राग विसरून मला बसवून घेतलं. “नंदुरबार जिल्हामा ऱ्हाईसन मिरची नही लावशी? लोके काय म्हनतीन! आनि कारलं लाव. मले साखर शे.”

“तुम्हाला साखर आहे, तर मी कारलं का लावू?”

“मंग मी कोनकडे मांगू?”

चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की लोक सल्ला देत नाहीत, स्वयंपाक सांगतायत. प्रत्येकाच्या सल्ल्याला त्याच्या ताटाचा वास होता. पण गंमत अशी की नुसता सल्ला कोणी दिला नाही. सोबत बी दिलं. कुणी कागदाच्या पुडीत, कुणी जुन्या रुमालाच्या गाठीत, लताकाकूंनी तर मसाल्याच्या रिकाम्या डबीत. घरचं राखलेलं बी कुणी हातावर ठेवलं तर नाही म्हणायचं नसतं. मग मी तरी कसं म्हणणार? आठवड्याभरात टेबलावर तेरा पुड्या झाल्या.

आणि खरं सांगतो, त्या बियांनी मला वेड लावलं. शाळेतून भिंग आणलं आणि मी तासन्‌तास बघत बसलो. कारल्याचं बी कुणी बसून नक्षी कोरल्यासारखं. दोडक्याचं काळं, खरबरीत. पोकळ्याचं मोहरीहून बारीक आणि असं चकचकीत की फुंकर मारली तर अख्खी पालेभाजी उडून जावी! एवढ्याशा दाण्याला कसं कळतं की आपल्याला मेथी व्हायचंय, पालक नाही? बावीस वर्षं मी हे शिकवत होतो आणि बावीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. याची मला जरा लाजही वाटली.

मंगल चहा ठेवायला आली. तिनं पुड्या पाहिल्या. “साऱ्या गल्लीला विचारलंत. मला नाही विचारलं काय लावायचं ते?”

“तुला काय विचारायचं? तू तर घरचीच!”

तिनं कप ठेवला आणि ती आत गेली. (लग्नाला वीस वर्षं झालेल्या वाचकांना इथेच पुढचं सगळं कळलं असेल.)

शेवटी मी वहीत एकेका भाजीची छाननी केली. भेंडी, गवार, वांगी, टमाटे, मिरची, पालक, मेथी, पोकळा, काकडी, गिलकं, दोडकं, कारलं, वालपापडी अशी तेरा नावं पक्की झाली. जगनआप्पांनी एक चौदावं नाव सुचवलं होतं. त्यापुढे मी लाल शाईनं शेरा मारला: 'गंगाफळ. वेल फार पसरतो. जागेचा अपव्यय. रद्द.'

चौदावी जागा भरली आमच्या वळवी मॅडमनी. त्या गणित शिकवतात. घर अक्कलकुव्याच्या वर, डोंगरातल्या पाड्यावर. शाळा उघडल्यावर मी स्टाफरूममध्ये वही पसरली. त्यांनी ती शांतपणे शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि दुसऱ्या दिवशी चवळीची पुडी आणून दिली. बियांना राख लागलेली होती. त्यांची आई बी राखेत घोळून वाळक्या भोपळ्यात ठेवते म्हणे.

“सर, एक सांगू? पेरा आणि विसरा. तिकडे सारखं बघू नका.”

“का?”

“आमची आई म्हणते, बी लाजतं.”

“मॅडम,” मी हसून म्हणालो, “मी बावीस वर्षं बीजांकुरण शिकवतोय.”

“म्हणूनच सांगितलं,” वळवी मॅडम म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रविवारी, मी चौदा वाफे केले. दोरी धरून रेघा मारल्या, पट्टीनं अंतर मोजलं, प्रत्येक वाफ्यात भाजीचं नाव लिहिलेली काडी रोवली. संध्याकाळी खुर्ची टाकून बसलो. बागेत चौदा काड्या उभ्या होत्या. अगदी शाळेच्या प्रदर्शनात असतात तशा! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मातीखाली नेमकं काय चाललं असेल?

सकाळी बघितलं. काही नव्हतं. म्हणजे वरून काही नव्हतं. मी स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि भेंडीच्या वाफ्याचा एक कोपरा जरासा, अगदी जरासाच, उकरला. बी जागेवर होतं. मी ते भिंगाखाली पाहिलं, पुन्हा ठेवलं, माती सारखी केली. वहीत लिहिलं: 'दिवस पहिला. भेंडी जागेवर आहे.'

मग गवारीला वाईट वाटू नये म्हणून तिलाही बघितलं.

चौथ्या दिवशी वळवी मॅडमची चवळी फुगलेली सापडली. मला इतका आनंद झाला की मी मंगलला हाका मारून बोलावलं. “बघ! साल सुटलंय!”

“अहो, कोंबडी बसलेली असताना अंडं फोडून बघतात का, पिल्लू झालं की नाही?”

“हे निरीक्षण आहे.”

“चुलामा घाल तुन्हं निरीक्षण!” मंगल म्हणाली. (आमच्या घरात प्रमाण मराठी मुलांच्या अभ्यासासाठी आणि पाहुण्यांसाठी असते. भांडण अहिराणीत होतं.) “त्या जीवले जगू दी!”

सहाव्या दिवशी चवळीला मूळ फुटलं. आता चमचा कसा चालेल? नाजूक काम! मी शाळेतून चिमटा आणला, एक रोप अलगद उचललं, पट्टीवर ठेवलं. मूळ सव्वा इंच. पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी किती वाढलं हे बघायला पुन्हा उचललं. मूळ सव्वा इंचच, पण रोपानं मान टाकलेली. मला वाटलं, पाणी कमी पडलं. पाणी घातलं. पालकाच्या बिया तरंगून मेथीच्या वाफ्यात गेल्या. त्या शोधायला मेथी उकरावी लागली.

जुलै उजाडेपर्यंत वही एकशे बारा पानं भरली आणि बाग पूर्ण रिकामी झाली. चौदा काड्या तेवढ्या ताठ उभ्या होत्या. त्यातल्या एकीवर 'काकडी' लिहिलं होतं, आणि लताकाकू रोज कुंपणावरून तिला विचारायच्या, “लागल्या का हो सर काकड्या?”

याच सुमारास मंगलनं मला ती बातमी दिली.

“न्हाणीमागे खताच्या ढिगाकडे जाऊ नका बरं. तिकडे धामण आहे. मोठी! मी पाहिली.”

कुतूहलालाही सीमा असते. माझ्या कुतूहलाची सीमा साप. तो चित्रात असला तरी मी पान चिमटीनं उलटतो. त्या दिवसापासून मी त्या बाजूची खिडकीही बंद ठेवायला लागलो. पावसानं त्या कोपऱ्यात हिरवं रान माजलेलं लांबून दिसायचं. “ते रान काढून टाकायला पाहिजे,” मी एकदा म्हणालो. मंगल घाईनं म्हणाली, “राहू द्या! धामणीला आडोसा गेला तर ती घरात येईल.” मला ते पटलं. मी रानाचे मनोमन आभार मानले.

इकडे दादाचे फोन सुरू झाले.

“मास्तर, बाग कशी शे?”

“एकदम मस्त!” मी म्हणालो. आता पेरणीच्या घाईतल्या माणसाला कशाला दुःख द्यायचं?

“वेल चढना का?”

“चढला ना. मांडवावर गेला.”

“कितला लांब?”

“मोजला नाही.” (गेल्या दोन महिन्यांत मी न मोजलेली ही एकमेव गोष्ट होती, कारण ती नव्हती.)

“मंग भाजीनं टेन्शन नही. मी बठ्ठासले, सगळी भावकीले सांगी दिधं. यंदा रोटले तुन्हीच भाजी. तुन्ही वहिनीनी यंदा गंगाफळ लायंच नही!”

मी फोन ठेवला आणि मंगलला सगळं सांगून टाकलं. पन्नास माणसं पंगतीला, वहिनींनी गंगाफळ लावलेलं नाही, आणि माझ्याकडे चौदा काड्या!

मंगल गव्हातले खडे वेचत होती. तिनं वर न बघताच विचारलं, “आणि तुमचं सगळं उगवलं असतं तरी काय केलं असतं?”

“म्हणजे?”

“रोटाला गंगाफळाची भाजी लागते. तुमच्या चौदा भाज्यांत गंगाफळ आहे कुठे?”

मी वही उघडली. लाल शाईतला शेरा वाचला. वही मिटली. ज्या एका भाजीसाठी हा सगळा उपद्व्याप केला, तेवढी एकच भाजी मी छाननी करून, पूर्ण विचारांती, रद्द केली होती.

कानबाईच्या आदल्या शुक्रवारी मी मोठी पिशवी काढली. ठरवलं होतं, बाजारातून दोन गंगाफळं आणायची, त्यांना घरची माती फासायची, देठाला ताजा काप द्यायचा, आणि तोंड वर करून गावी जायचं. बावीस वर्षं वानोळा खाणाऱ्या माणसानं परतीचा पहिला वानोळा विकत आणून द्यावा, याची मला मनापासून लाज वाटत होती. पण भावकीत नाक कापून घेण्यापेक्षा ही लाज घरातल्या घरात मिटणारी होती.

मंगल दारात आडवी उभी राहिली. “कुठे निघालात?”

“बाजारात.”

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला दंडाला धरून न्हाणीच्या मागे चालवलं.

“अगं, धामण!”

“चला हो.”

तिनं पानं बाजूला सारली. ते रान नव्हतं! खताच्या डोंगरावरून एक जाडजूड वेल उतरला होता, कुंपणावर चढला होता, तिथून वळून मेलेल्या कूलरला मिठी मारून बसला होता. आणि पानांच्या खाली, गोणपाटाच्या चुंबळीवर नीट टेकवलेली, तीन गंगाफळं! एकेक असं की उचलायला दोन्ही हात आणि थोडा नवस लागावा.

मी मटकन खतातच बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते काही खताच्या वासानं नाही.

“हे कुणी लावलं?”

“कुणीच नाही. मे महिन्यातच मोरीच्या पाण्यावर आपोआप आलं. दोन पानांचं होतं तेव्हाच मी पाहिलं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मूळ मोजलं असतं.”

मी इकडेतिकडे बघत विचारलं, “आणि धामण?”

“कसली धामण!” मंगल म्हणाली. “कुंपणाला काटे लावतात ना, तशी ती होती.”

रविवारी आम्ही रिक्षात तीन गंगाफळं घालून ब्राह्मणपुरीला गेलो. मधल्या सीटवर ती बसली, आम्ही कडेला. दादानं एक उचलून पाहिलं, त्याचा चेहरा फुलला, आणि त्यानं सगळ्या भावकीला हाक मारली. चुलतकाकांनी गंगाफळाला बोटानं टकटक केलं. “पक्कं शे,” ते म्हणाले. माझी छाती एवढी फुगली की मी अंगणातच जैविक शेतीवर बोलायला सुरुवात केली. संयम कसा ठेवावा, मातीशी कसं बोलावं वगैरे. मंगल पाणी प्यायला आत निघून गेली.

गंगाफळाला पहिला विळा बाईनं लावायचा नाही, एक घाव पुरुषानं घालायचा आणि मग बायकांनी चिरायचं, अशी आमच्याकडची रीत. वहिनींनी विळा माझ्या हातात दिला. “तुम्हनं फळ, तुम्हीच घाव घाला, भाऊ.” मी घाव घातला. फळ दुभंगलं. वहिनी खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या.

“भाऊ, हाई बी कोनी दिधं तुम्हले?”

“निसर्गानं, वहिनी! बहुतेक एखाद्या पक्ष्यानं आणून टाकलं असेल.”

“इतलं मोठं बी?” दादा म्हणाला. “कोनता पक्षी व्हता तो? मोर?”

वहिनींनी बोटानं गर बाजूला करून चार बिया तळहातावर घेतल्या. पांढऱ्या बियांच्या कडेला बारीक तपकिरी रेघ होती. “हाई मन्हं माहेरनं बी शे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. मग सगळं कळलं. त्यांच्या आईनं लग्नात दिलेलं ते बी त्या दरवर्षी राखून ठेवायच्या. यंदा पुरचुंडी उंदरांनी फोडली, एक दाणा उरला नाही. माझ्या भरवशावर त्यांनी गंगाफळ लावलं नाही असं दादाला वाटत होतं. खरं तर लावायला त्यांच्याकडे बीच नव्हतं. आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“पन मंग शहादाले कसं गयं?” काका म्हणाले.

वहिनी हसल्या आणि डोळे पुसले. “गेल्या वरीसना रोटनं गंगाफळ चिरं, ते त्यानं आतलं मी उकिरडावर टाकं. आनि उकिरडा यासनी ट्रॉलीमा भरी लई गया!”

म्हणजे गेल्या रोटाला ज्या गंगाफळाची भाजी खात मी शब्द दिला होता, त्याच गंगाफळाच्या पोटातलं बी दादाच्याच खतातून माझ्या घरी येऊन, वाढून, फळ धरून, वर्षानं पुन्हा त्याच अंगणात आलं होतं. माझा पहिला वानोळा म्हणून!

“थांब, थांब,” दादा बोटं मोजायला लागला. “खत मन्हं. बी तुन्हा वहिनीनं. पानी मोरीनं. मास्तर, यामा तुन्हं काय शे?”

मी मंगलकडे आशेनं पाहिलं.

“यासनी देखं नही ना!” मंगल म्हणाली. “तेच यासनं काम!”

पंगत गेल्या वर्षीपेक्षा जास्त हसली. मीही हसलो, काय करणार? पण भाजी अप्रतिम झाली होती. काकांनी ती दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि निघताना वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “बी वाचनं, भाऊ.” त्या एका वाक्यावर मी उरलेलं वर्ष आनंदात काढू शकतो. पिशवी रिकामी परत जात नाही, म्हणून तीत उरलेलं अर्धं गंगाफळ, वांगी आणि मिरच्या भरल्या गेल्या. म्हणजे वानोळा द्यायला गेलो तरी मी वानोळा घेऊनच आलो. बियांची पुरचुंडी मात्र वहिनींनी मंगलच्या हातात दिली आणि हळूच बजावलं, “भाऊले दखाडू नको!”

घरी आल्यावर मी वही काढली. पुढच्या वर्षी काय लावायचं, या प्रश्नाचा मी यंदा सर्व बाजूंनी अभ्यास केलेला आहे आणि निर्णय पक्का झाला आहे. काहीही लावायचं नाही. दादाला एक ट्रॉली सांगायची, आणि धामणीला भिऊन राहायचं.